उन्हाळ्याआधी पिण्याच्या पाण्याचा दुसरा स्रोत कसा शोधायचा: विदर्भातल्या खेड्यांसाठी

होळी आटोपली की बोरिंगला पाणी यायला आधी पाच हापसे लागायचे तिथे पंधरा लागू लागतात. मग ग्रामपंचायतीत अर्ज, टँकरची मागणी, आणि रात्री दोनला विहिरीवर नंबर. पण एप्रिलमध्ये शोधाशोध सुरू केली तर हाती येतं ते बहुतेक वेळा खारं, गढूळ किंवा दुसऱ्याच्या मालकीचं पाणी. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांच्यावर हे काम पहिल्यांदाच आलंय: नवे ग्रामपंचायत सदस्य, पाणीपुरवठा समितीत नाव घातलेल्या ताई, वस्तीवर नव्याने राहायला आलेलं कुटुंब, बदलून आलेले गुरुजी. काम दिवाळीनंतर सुरू करा. निदान जानेवारीत तरी.

## १. आधी गरज मोजा, आणि पिण्याचं पाणी वेगळं काढा

नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. "गावाला पाणी पाहिजे" म्हणून तो सगळ्या गावाच्या सगळ्या पाण्याचा स्रोत शोधत फिरतो, आणि एवढा मोठा स्रोत मिळत नाही.

जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर आहे. टंचाईत टँकरचं माप ग्रामीण भागात माणशी २० लिटर धरतात. पण नुसतं पिणं आणि रांधणं एवढंच पाहिलं तर माणशी ८ ते १० लिटरमध्ये भागतं. पाच जणांच्या घराला ५० लिटर, म्हणजे साधारण तीन मोठे गुंड.

आता ६० घरांची वस्ती घ्या, ३०० माणसं. ५५ च्या हिशेबाने रोज १६,५०० लिटर लागतात. १० च्या हिशेबाने ३,०००. सोळा हजार देणारी विहीर मे महिन्यात सापडणार नाही, तीन हजार देणारा स्रोत बहुतेक शिवारांत असतो. भांडी, कपडे, गुरं यांना खारट किंवा गढूळ पाणी चालतं. ते आहे त्या विहिरीवरून चालू ठेवा आणि चांगल्या पाण्याचा शोध फक्त त्या तीन हजारांसाठी घ्या. पुढचे सगळे आकडे याच हिशेबाने आहेत.

किती दिवसांची सोय करायची तेही लिहून ठेवा. आटणाऱ्या विहिरींच्या गावाला १५ फेब्रुवारी ते ३० जून, म्हणजे साधारण १३५ दिवस. खारपाणपट्ट्यातल्या (जिथे जमिनीखालचं पाणीच खारं असतं) घराला पावसाळा सोडून सगळे, म्हणजे २४० दिवस.

## २. पायाखाली काय आहे ते ओळखा

विदर्भ म्हटला की सगळीकडे एकच दुष्काळ असं नाही. जमीन बदलली की उपायही बदलतो.

काळ्या खडकाचा भाग (यवतमाळ, वाशिम, वर्धा, बुलढाण्याचा घाटावरचा भाग, अमरावतीचा बराच भाग): वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत असतं. विहीर आणि बोअर दोन्ही चालतात, पण शंभर फुटांवर दुसऱ्याला लागलेलं पाणी तुम्हाला लागेलच असं नाही.

पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा (अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली शेकडो गावं, दर्यापूरपासून संग्रामपूरकडे): जाड गाळाची जमीन आणि खाली खारं पाणी. इथे बोअर खोल नेल्याने पाणी गोड होत नाही, बहुधा जास्तच खारं लागतं. या पट्ट्यात बोअरवर पैसे घालण्याआधी दहादा विचार करा. वान, शहानूर अशा धरणांवरच्या प्रादेशिक योजनांचं पाणी आणि आभाळाचं पाणी, हेच खरे दोन मार्ग.

पूर्व विदर्भ (भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर): जुना कठीण खडक, जास्त पाऊस आणि मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. इथे तलावाचं पाणी थेट पिऊ नका. पाळीच्या खालच्या अंगाला, झिरप येते तिथल्या विहिरी तलावात पाणी असेपर्यंत सहसा टिकतात. त्या आधी पाहा.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पाणी दिसायला काचेसारखं आणि चवीला चांगलं लागतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. गावातल्या आठ-दहा वर्षांच्या पोरांच्या दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे दिसत असतील तर बोअरच्या पाण्याची फ्लोराइड तपासणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ३. शिवारफेरी करा आणि वहीत लिहा

सोबत एवढं घ्या: वजन बांधलेली ३० मीटर दोरी (दर मीटरला गाठ), मोजपट्टी, २० लिटरची बादली, घड्याळ, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) आणि गावातला एक म्हातारा माणूस. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. १९७२ च्या दुष्काळात पाणी कुठून आणलं होतं हे त्यालाच माहीत असतं, आणि ती जागा आता झुडपांत गेलेली असते.

प्रत्येक जागेपुढे लिहा: कोणाच्या वावरात आहे, विहिरीचा व्यास, पाणी किती खाली आहे, तळ किती खाली आहे, गेल्या वर्षी कोणत्या महिन्यात आटली, गावापासून अंतर, जवळ काय आहे (संडास, उकिरडा, गोठा, स्मशान, फवारणीचे डबे धुण्याची जागा). कापसाच्या पट्ट्यात हे शेवटचं विसरू नका. फवारणीचं द्रावण ज्या विहिरीच्या काठावर कालवतात ती विहीर पिण्यासाठी बाद.

गावातले चालू हातपंपही यादीत घ्या. बऱ्याचदा पाणी संपलेलं नसतं, पंप नादुरुस्त असतो. हापसायला लागल्यावर पाणी फार उशिरा येत असेल पण आल्यावर धार चांगली असेल, तर खालचा व्हॉल्व्ह किंवा उभा पाइप गळतो आहे. धार तुटक असेल आणि हवा येत असेल तर पाण्याची पातळी सिलिंडरच्या (पाण्यात बुडलेला, पाणी वर ढकलणारा पंपाचा भाग) खाली गेली आहे. ३ मीटरचे दोन-तीन पाइप वाढवले की तोच पंप पुन्हा चालतो. इंडिया मार्क २ पंपाचा सिलिंडर साधारण ४५ मीटरपर्यंत उतरवता येतो, तुमचा किती खाली आहे ते आधी विचारा. नव्या बोअरच्या तुलनेत हा खर्च काहीच नाही.

## ४. पाणी येतं किती, ते मोजा

भरलेली विहीर पाहून खूश होऊ नका. रात्रभर साठलेलं पाणी ही शिल्लक, स्रोत नव्हे. विहिरीची आवक मोजायची असते.

१. सकाळी पातळी मोजा.
२. मोटर लावून १ मीटर पाणी उपसा. मोटर बंद करा आणि वेळ लिहा.
३. एक तासाने पातळी किती चढली ते पाहा.

४ मीटर व्यासाच्या विहिरीत १ सेंटीमीटर चढ म्हणजे सुमारे १२५ लिटर. तासात १० सेंटीमीटर चढली तर १,२५० लिटर आले. याला २४ ने गुणू नका, कारण विहीर भरत जाते तशी आवक मंदावते. जानेवारीत मोजलं असेल तर मे महिन्यात निम्म्याहून कमी धरा, आणि शक्य असेल तर एप्रिलमध्ये पुन्हा मोजा. दुसऱ्या व्यासासाठी: व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५, गुणिले उंची मीटरमध्ये, गुणिले १,०००, एवढे लिटर.

हातपंप: मिनिटाला ४० हापसे या वेगाने बादली भरा. मिनिटात १२ लिटरच्या आसपास आलं तर पंप ठीक. अर्धा तास सलग हापसून पाहा. दहा मिनिटांत दम तोडणारा पंप वस्तीला पुरणार नाही.

## ५. प्यायच्या आधी तपासा

दोन तपासण्या वेगळ्या असतात, रासायनिक आणि जैविक. बरेच जण पहिलीच करतात.

रासायनिक नमुना: १ लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली, त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. जैविक नमुना: प्रयोगशाळेतून मिळालेल्या निर्जंतुक बाटलीतच. ती विसळायची नाही, झाकणाला आतून बोट लावायचं नाही, बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवायची. हातपंपाचा नमुना पाच मिनिटं हापसल्यावर घ्या. बाटलीवर गाव, स्रोत, तारीख आणि वेळ लिहा. तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा किंवा उपविभागीय प्रयोगशाळेत होते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हे नमुने नेतो, त्याला गाठा. गावातल्या प्रशिक्षित महिलांकडे तपासणी संच असतो. प्राथमिक चाळणीला तो पुरेसा आहे, पण शेवटचा निर्णय प्रयोगशाळेच्या कागदावर घ्या.

भारतीय मानक १०५०० मधले कामाचे आकडे, दर लिटरमागे:

- टीडीएस: ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत
- फ्लोराइड: १, फार तर १.५
- नायट्रेट: ४५, याला सवलत नाही
- कठीणपणा: २००, फार तर ६००
- ई-कोलाय: १०० मिलिलिटरमध्ये एकही नको

इथले सापळे. टीडीएस मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. फ्लोराइड, जंतू, कीटकनाशक यांतलं काहीही तो दाखवत नाही, आणि १५० टीडीएसच्या पाण्यानेही गावात हगवण लागू शकते. दुसरं, उकळल्याने जंतू मरतात पण फ्लोराइड, नायट्रेट आणि मीठ तसंच राहतं. उलट पाणी आटतं म्हणून त्यांचं प्रमाण किंचित वाढतं. नायट्रेट गोठ्याजवळच्या आणि युरिया पडणाऱ्या वावरातल्या विहिरींत सापडतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं दूध कालवून द्यायला हे पाणी अजिबात वापरू नका.

फ्लोराइड काढायची नालगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने तयार केली आहे. तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर घालून पाणी निवळतात. पण तुरटीचं प्रमाण फ्लोराइडवर आणि पाण्याच्या क्षारतेवर ठरतं, ते प्रयोगशाळेने काढून द्यावं लागतं. अंदाजाने तुरटी टाकायची नाही. बोअरला फ्लोराइड आणि शेजारच्या उथळ विहिरीला कमी, असं पुष्कळदा असतं. तेव्हा आधी विहीर तपासा.

## ६. पडक्या विहिरीला पुन्हा पिण्यायोग्य करणं

हा सगळ्यात स्वस्त पर्याय, आणि सगळ्यात जास्त टाळला जाणाराही. विहीर बंद का पडली ते विचारा. खारी लागली म्हणून, तर सोडून द्या. नळ आला म्हणून, तर सोनं सापडलं. कोणी पडून मेलं म्हणून, तर ती गोष्ट गावासाठी अवघड असते. उपसून, गाळ काढून, औषध टाकून ते पाणी पूर्ण सुरक्षित होतं. पण हा निर्णय ग्रामसभेतच होऊ द्या, नाहीतर खर्च करूनही बाया तिथे गुंड बुडवणार नाहीत.

उतरण्याआधी हे वाचा. बंद विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो आणि कुजलेल्या गाळातून विषारी वायू निघतो. जळता कंदील सोडून पाहायची जुनी रीत फक्त प्राणवायू कमी आहे का ते सांगते. इंजिनाच्या धुराचा विषारी वायू आणि गाळातला वायू तिच्यात कळत नाही. डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन विहिरीच्या आत, कपारीवर ठेवून कधीही चालवू नका. विहिरीत अशानेही माणसं मरतात, आणि पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. पंखा किंवा ब्लोअर पाइपने तळापर्यंत हवा सोडा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा, वर दोन दणकट माणसं उभी ठेवा. त्याने हाकेला ओ दिली नाही तर वर ओढायचं, खाली उतरायचं नाही.

काम या क्रमाने: पाणी उपसा, कचरा आणि गाळ खडक लागेपर्यंत काढा, वरच्या ३ मीटर बांधकामातल्या भेगा सिमेंटने बुजवा (घाण तिथूनच झिरपते), ३ फूट कठडा, भोवती दीड-दोन मीटर रुंद उतरता ओटा, सांडपाण्याची नाली किमान १० मीटर दूर, वर जाळी.

मग जोरदार निर्जंतुकीकरण. ४ मीटर व्यासात १ मीटर पाणी म्हणजे १२,५०० लिटर. त्याला २५ टक्के क्लोरीनची ब्लिचिंग पावडर अडीच किलो. बादलीत कालवून निवळी टाका, कठड्याच्या आतल्या भिंतीवरही शिंपडा. १२ तास तसंच ठेवा, कोणी पाणी काढणार नाही याची राखण ठेवा, मग वास जाईपर्यंत उपसा. ते पाणी भाजीच्या वाफ्यात किंवा मासे असलेल्या डोहात सोडू नका.

## ७. नाल्यातला झिरा किंवा बुडकी

नाला कोरडा दिसतो पण रेतीखाली पाणी चालू असतं. त्या रेतीत खणलेली उथळ विहीर म्हणजे झिरा किंवा बुडकी. टंचाईच्या सरकारी उपायांतही "बुडकी घेणे" हे स्वतंत्र काम आहे. जागा निवडताना नाल्याला आडवा खडक किंवा जुना बंधारा असेल तर त्याच्या वरच्या अंगाला पाहा, रेती तिथे जाड असते आणि पाणी अडतं. उन्हाळ्यात काठावर हिरवा अर्जुन किंवा उंबर दिसला तर तिथे सब्बल (पहार) मारा. सब्बल किमान दीड-दोन मीटर रेतीत जाऊन ओली वर आली पाहिजे.

साहित्य: एक मीटर व्यासाच्या सिमेंटच्या चार-पाच रिंगा (खालच्या दोन भोकाच्या), २० ते ४० मिलिमीटर गिट्टी, झाकण, एक हातपंप किंवा चाक. रिंग रेतीवर ठेवून आतून उकरत जायचं, ती स्वतःच्या वजनाने खाली सरकते, वर दुसरी बसवायची. रिंगेशिवाय छातीपेक्षा खोल खड्ड्यात कोणीही उतरायचं नाही. ओली रेती सूचना न देता ढासळते. तळात वीतभर गिट्टी, बाहेरून रिंगेभोवती वीतभर गिट्टी. सगळ्यात वरची रिंग रेतीच्या दोन फूट वर.

गुरांचं पाणी आणि कपड्यांचा घाट झिऱ्याच्या खालच्या अंगाला हलवा, हे गावाशी आधी बोलून घ्या. आणि रेतीचे ट्रॅक्टर थांबवा. रेती गेली की झिराही गेला, मग कितीही रिंगा टाका.

## ८. छपराचं पाणी

खारपाणपट्ट्यात आणि फ्लोराइडच्या गावात हाच पहिला पर्याय असावा. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. २० बाय २० फुटांचं टिनाचं घर म्हणजे ३७ चौरस मीटर (छपराचा उतार मोजू नका, जमिनीवरची सावली मोजा). कमी पावसाच्या वर्षी ६०० मिलिमीटर धरा आणि २० टक्के वाया. १७,७०० लिटर. घराला २४० दिवस पिणं-रांधणं मिळून १२,००० लागतात. म्हणजे पाऊस पुरतो, अडचण टाकीची असते. पैसे कमी असतील तर नुसतं पिण्याचं पाणी धरा, माणशी ५ लिटर. पाच जणांना ६,००० लिटरची टाकी पुरते.

टिन आणि स्लॅब उत्तम. कवेलूवर धूळ, शेवाळ आणि पाखरांची घाण जास्त, पाणीही कमी मिळतं. गवती छपराचं पाणी पिऊ नका. सिमेंटचा पत्रा घासू किंवा फोडू नका, त्यातल्या तंतूंची धूळ छातीत जाते. नुकताच रंग दिलेल्या पत्र्याचं पाणी पहिल्या पावसाळ्यात पिण्यासाठी धरू नका.

जोडणी:

१. ४ इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून पन्हाळ करा. उतार दर मीटरला १ सेंटीमीटर. पत्र्याची कड पन्हाळीच्या आत दोन बोटं आली पाहिजे, नाहीतर जोराच्या पावसात धार पलीकडे पडते.
२. पहिलं पाणी बाजूला काढायचा उभा पाइप: १६० मिलिमीटरचा, २ मीटर लांब. यात साधारण ३६ लिटर मावतात, म्हणजे या छपरावरचा पहिला १ मिलिमीटर पाऊस. खाली उघडता येणारं बूच, त्याला ३ मिलिमीटरचं भोक, म्हणजे पाइप आपोआप रिकामा होतो. हा पाइप टाळून पैसे वाचवणाऱ्यांच्या टाकीत दिवाळीपर्यंत वास येतो.
३. गाळणी: २०० लिटरच्या ड्रममध्ये खाली १५ सेंटीमीटर मोठी गिट्टी, त्यावर १० सेंटीमीटर बारीक गिट्टी, नायलॉन जाळी, वर ३० सेंटीमीटर जाडी रेती. सगळं आधी पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. ड्रम कीटकनाशकाचा नको, कितीही धुतला तरी.
४. टाकी: आत उजेड अजिबात नको, उजेडाने शेवाळ येतं. ओव्हरफ्लोच्या तोंडाला डासांची बारीक जाळी. नळ तळापासून चार बोटं वर, म्हणजे गाळ खालीच राहतो. सिमेंटची नवी टाकी असेल तर दोनदा भरून ओता, पहिलं पाणी चुनखट असतं.

गुंड बुडवून पाणी काढायचं नाही, नळानेच. एका हाताच्या घाणीने पाच हजार लिटर नासतात.

## ९. बोअर घ्यायचाच असेल तर

हातावर नारळ किंवा कडुनिंबाची काडी घेऊन पाणी दाखवणारा पाणाड्या गावोगाव असतो. त्याला चहा पाजा, पण त्याच्या शब्दावर मशीन बोलावू नका. भूजल यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाकडून पाहणी करून घ्या. काळ्या खडकात पहिल्या ६० मीटरमध्ये पाणी लागलं नाही तर पुढे नशिबाचा खेळ असतो, आणि मशीनवाला फुटाने पैसे घेतो म्हणून थांबा म्हणणार नाही. किती फुटांवर थांबायचं ते सुरुवातीलाच ठरवून लिहून घ्या.

महाराष्ट्राच्या भूजल अधिनियमात सार्वजनिक पिण्याच्या स्रोताजवळ, ५०० मीटरच्या आत, दुसरी विहीर खोदण्यावर बंधन आहे. ते तुमच्या स्रोताचं रक्षण करतं. तुमच्या नव्या बोअरलाही लागू होतं का ते आधी विचारा. केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवायचा पाइप) कठीण खडकात पक्कं बसेपर्यंत उतरवा आणि भोवतालची पोकळी वरून किमान ३ मीटर सिमेंटने भरा. ठेकेदार इथे माती लोटून मोकळा होतो, आणि पावसाळ्यात बोअरला गढूळ पाणी येतं. जुना बोअर कमी पाण्याचा असेल तर नवा घेण्याआधी हायड्रोफ्रॅक्चरिंग होईल का ते यंत्रणेला विचारा. जोराच्या दाबाने पाणी सोडून भेगा मोकळ्या करतात.

खारपाणात काचेचं सौर ऊर्ध्वपातन यंत्र (उन्हाने पाण्याची वाफ करून ती थंड करणारं) चालतं, पण १ चौरस मीटरला दिवसाला २ ते ४ लिटर एवढंच. आजारी माणसाचं, बाळाचं पाणी तेवढ्यात होईल, घराचं नाही. आरओ यंत्र घेत असाल तर शुद्ध पाण्याइतकं किंवा त्याहून जास्त खारं पाणी बाहेर पडतं. ते विहिरीजवळ सोडलं तर तेच फिरून परत येतं. आणि कॅनमधलं थंड पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे, त्याचाही तपासणी अहवाल मागा.

## १०. ब्लिचिंग पावडर रोजच्या रोज

चांगल्या पावडरीचं माप दर १,००० लिटरला अडीच ग्रॅम. वरच्या १२,५०० लिटरच्या विहिरीला ३१ ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात लगदा करा, पाणी वाढवा, दहा मिनिटं थांबा, चुना खाली बसला की वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्या, ती विहिरीत सोडून दोरीने वरखाली हलवा. संध्याकाळी शेवटचा गुंड भरल्यावर टाका, कारण क्लोरीनला किमान एक तास लागतो. सकाळी ओटी तपासणी (पाण्यात क्लोरीन किती उरलं ते रंगावरून पाहणारी) करा. विहिरीवर ०.५ आणि शेवटच्या घरात निदान ०.२ मिलिग्रॅम दिसलं पाहिजे. रंग येत नसेल तर माप वाढवा.

पावडर ताजी असताना ३३ टक्के असते, पण उन्हाळ्यात टिनाच्या खोलीत उघड्या पोत्यात ठेवली तर जोर उतरतो. वास नाही, गाठी झाल्या, म्हणजे ती चुनाच झाली. लहान पॅकिंग घ्या, घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, सावलीत ठेवा. लोखंडी पेटीत नको, पेटी सडते.

गढूळ पाण्यात क्लोरीन चालत नाही, आधी निवळा. ५० ग्रॅम तुरटी १ लिटर पाण्यात विरघळवून ठेवा, २० लिटरला १० मिलिलिटर घाला, ढवळा, तासभर हलवू नका. निवळी नावाच्या झाडाच्या बिया घासूनही गाळ बसतो, आजीला विचारा. पण त्याने जंतू मरत नाहीत.

## ११. कागद आणि टँकर

टंचाई कृती आराखडा तीन टप्प्यांचा असतो: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. तुमचं गाव त्या आराखड्यातच नसेल तर मे महिन्यात धावपळ करून फार हाती लागत नाही. प्रस्ताव टप्पा सुरू होण्याआधी पंचायत समितीत द्या. सोबत लागतं ते:

- ग्रामपंचायत किंवा ग्रामसभेचा ठराव (वस्तीचं नाव आणि लोकसंख्या स्पष्ट लिहून)
- आजचे स्रोत, त्यांची पातळी आणि आटण्याची तारीख (पायरी ३ मधली वही इथे कामी येते)
- खाजगी विहीर अधिग्रहित करायची असेल तर सातबारा (विहिरीची नोंद आहे ना ते पाहा), मालकाचं संमतीपत्र, बँक पासबुकाची प्रत
- पाणी तपासणी अहवाल
- नवी विहीर किंवा बोअर असेल तर भूजल यंत्रणेचा पाहणी अहवाल

तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांची संयुक्त पाहणी होते. त्या दिवशी वही आणि मोजणीची दोरी घेऊन विहिरीवर हजर राहा. अर्ज दिल्याची पोच तारखेसह घ्या. अधिग्रहणात मालकाशी आधी बोला. त्याची भाजी किंवा संत्र्याची बाग त्या विहिरीवर असेल तर तासांची वाटणी लिहून ठरवा, पुढची भांडणं वाचतात.

टँकर आलाच तर तो गावविहिरीत ओतू देऊ नका. चांगलं पाणी गाळात मिसळतं, आणि कठड्यावर झुंबड होऊन माणूस पडतो. ५,००० लिटरची टाकी ओट्यावर ठेवा, चार नळ लावा. टँकरमध्ये भरतानाच दर १,००० लिटरला अडीच ग्रॅम या मापाने पावडरीची निवळी टाकायला लावा, म्हणजे गावात येईपर्यंत ती हलून मिसळते. किती वाजता आला, किती खेपा, कुठून भरला, हे नोंदवहीत दोन बायांच्या सहीने लिहा.

## १२. जूनमध्ये हे करा

मे महिन्यात गावाला जगवणारा स्रोत पहिल्या पावसात सगळ्यात घातक होतो. तळाशी गेलेल्या विहिरीत शिवारातली सगळी घाण एकदम उतरते, आणि कावीळ, हगवण याच पंधरवड्यात लागते. मृग लागायच्या आत झिऱ्याच्या रिंगेवर झाकण पक्कं बसवा आणि पंप काढून घ्या, पूर आला तर तो सापडत नाही. पन्हाळ आणि छप्पर झाडून घ्या, उभ्या पाइपाचं भोक तारेने मोकळं करा, टाकीचा गाळ धुऊन काढा. पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवडाभर ओटी तपासणी सकाळ-संध्याकाळ करा. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, त्यामुळे नेहमीच्या मापाला रंगच येणार नाही. रंग दिसेपर्यंत घरोघरी पाणी उकळायला सांगा, आणि पाणी निवळलं की जैविक नमुना पुन्हा पाठवा.